घोषणेखालची जागा

माझी नोकरी गेली त्या वर्षी आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहत होतो. अंधेरीचं आमचं ऑफिस मालकांनी उचलून बंगळुरूला नेलं, आणि ज्यांना तिकडे जाणं शक्य नव्हतं त्यांना एक-एक पेढ्यांचा बॉक्स देऊन निरोप दिला. नवरा सकाळी निघायचा तो दिवेलागण उलटून गेल्यावर परत यायचा. मधला सगळा दिवस घरात मी आणि माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. बाबा, म्हणजे सासरे, गिरगावातली खोली सोडून आमच्याकडे राहायला आले होते आणि त्यांना विरार अजिबात मानवलं नव्हतं. गिरगावात जिन्यात उभं राहिलं तरी तासभर गप्पा व्हायच्या. इथे समोरच्या फ्लॅटचं दार आम्ही कधी उघडं पाहिलं नव्हतं.

एका लहान घरात दोन माणसं बेचैन असली की ती सारखी एकमेकांच्या वाटेत येतात. मी गॅलरीत गेले की बाबा तिथे उभे असायचे. मी आत वळले की तेही पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात यायचे. बोलण्यासारखं काही नसे. "आज टँकर आला का?" ते विचारायचे. मी म्हणायचे, "अजून नाही."

नवऱ्याच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर मोडीत काढले तेव्हा त्यानं त्यातला एक घरी आणला. माझी सवय जाऊ नये, हा त्याचा हेतू. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लागायचं. जोडताना यंत्र किंचाळायचं आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. वीज कधी जाईल ते सांगता यायचं नाही. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, पण वीज ते वाचून जात नसावी.

इंटरनेटवर तेव्हा मराठी माणसांची एक साइट होती. कुणीही सदस्य व्हावं, स्वतःला हवं ते टोपणनाव घ्यावं आणि लिहावं. पाककृती, कविता, बागकाम असे तिचे विभाग होते, आणि एक विभाग नुसता 'गप्पा' नावाचा. मी पाककृती वाचायला जायचे. एका दुपारी गप्पांच्या पानावर कुणीतरी गिरगावातल्या एका इराण्याच्या हॉटेलाबद्दल लिहिलेलं दिसलं, म्हणून मी ते मोठ्यानं वाचलं. बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हॉटेल कोपऱ्यावर नव्हतं," ते म्हणाले. "कोपऱ्यावर न्हावी. हॉटेल त्याच्या पलीकडे."

"मग त्यांना कळवा ना."

"कसं कळवायचं?"

"खाली जागा असते बाबा. त्यात लिहायचं."

त्यांनी वाकून ती रिकामी चौकट पाहिली. "इथे कुणीही लिहावं? विचारायचं नाही कुणाला?"

बाबांनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून केली होती. मराठी टाइपरायटरवर त्यांचा हात पट्टीचा होता. पण या साइटवर इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवावं लागे. त्यांची बोटं जुन्या सवयीनं जुन्या जागी जायची आणि पडद्यावर भलतंच काहीतरी यायचं. दोन दिवस त्यांनी प्रयत्न केला, मग हात मागे घेतले. तेव्हापासून ते सांगायचे आणि मी लिहायचे. सांगताना ते विरामचिन्हंसुद्धा म्हणायचे. "कोपऱ्यावर न्हावी होता स्वल्पविराम हॉटेल त्याच्या पलीकडे पूर्णविराम. नवा परिच्छेद."

टोपणनाव त्यांनी 'निवृत्त' असं घेतलं. बघता बघता त्यांचा तिथे गोतावळा जमला. नागपूरच्या एक बाई, डोंबिवलीचे एक गृहस्थ, ठाण्याचं एक जोडपं. कुणाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण सकाळचा चहा झाला की ते कॉम्प्युटरवरचं कापड काढून ठेवायचे आणि माझी भांडी आवरायची वाट बघत बसायचे. नागपूरच्या बाई त्यांना आजोबा म्हणायच्या. बाबांना ते आवडायचं, पण उत्तरात ते त्यांना 'भगिनी' असंच लिहायला लावायचे. माझंही बरं चाललं होतं. नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नव्हती. निदान बाबांच्या लिखाणाला तरी येत होती.

आणि मग ती घोषणा आली. साइटवर सगळ्यात वर 'व्यवस्थापनाकडून' असा एक चौकोन असायचा. एरवी त्यात गणपतीच्या शुभेच्छा वगैरे असत. त्या दिवशी लिहिलं होतं: 'सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव गप्पा हा विभाग महिनाअखेरीस बंद करण्यात येत आहे. सदर विभागातील आधीचे लेखन उपलब्ध राहणार नाही. सदस्यांनी सहकार्य करावे.'

मी वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"खाली जागा आहे का?"

होती. घोषणेखाली प्रतिसाद येऊनही पडले होते. पहिल्यानं नुसता रडका चेहरा टाकला होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'योग्य निर्णय. तिथे कचराच होता.' त्यावर ठाण्याच्या बाई तुटून पडल्या होत्या, 'आम्ही कचरा का?' एकानं लिहिलं, 'चकटफू साइट आहे, कुरकुर कशाला.' कुणी 'अनुमोदन' एवढंच लिहून गेलं होतं, आणि ते नक्की कशाला हे कळायला मार्ग नव्हता. मध्येच एका बाईंनी अळूवडीचा उंडा फुटू नये म्हणून काय करावं असं विचारलं होतं, आणि या गदारोळातही त्यांना कुणीतरी व्यवस्थित उत्तर दिलं होतं.

"लिही," बाबा म्हणाले. "माननीय व्यवस्थापन यांस. विषय."

"बाबा, इथे विषय नाही लिहीत."

"तू लिही. विषय, गप्पा विभाग बंद करण्याबाबत. संदर्भ, आपली आजची घोषणा."

त्यांनी मुद्दे काढले. तांत्रिक कारण कोणतं, ते स्पष्ट करावं. सदस्यांना आधी विचारलं का, नसल्यास का नाही. जुनं लेखन काढायचं तर ज्यानं लिहिलं त्याची परवानगी घेतली का. लिहून होईपर्यंत माझी पाठ धरली. शेवटचं वाक्य चालू असताना वीज गेली आणि सगळं पुसलं गेलं. बाबांनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वीज आल्यावर त्यांनी तेच सगळं, तेच शब्द, तसेच्या तसे पुन्हा सांगितले.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाचं उत्तर होतं: 'आपल्या भावना समजल्या. निर्णय अंतिम आहे.'

"भावना?" बाबा म्हणाले. "मी मुद्दे लिहिले होते. भावना कुठे लिहिल्या?"

पुढचे काही दिवस त्यांनी मला दुसरं काही करू दिलं नाही. जेवताना हात थांबायचा आणि ते म्हणायचे, "आणखी एक राहिलं." पोळी तव्यावर असताना हाक मारायचे. नागपूरच्या बाई, डोंबिवलीकर, ठाण्याचे दोघं, सगळे त्यांच्या मागे उभे राहिले. 'निवृत्त यांच्या मुद्द्यांना उत्तर द्या,' असं जो तो लिहायला लागला. एका पोरानं लिहिलं, 'काका, हे सरकारी ऑफिस नाही.' बाबांनी त्यालाही उत्तर सांगितलं, दोन परिच्छेदांचं. मी लग्नानंतर त्यांना इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं. पण ते बघताना काळजीही वाटायची. गॅलरीत फेऱ्या मारताना ते स्वतःशी बोलायचे, मध्येच हात उडवायचे, आणि खालून येणारी-जाणारी वर बघायची.

मग एका सकाळी पान उघडलं तर घोषणेखालची चौकट नव्हती. तिच्या जागी एक ओळ होती: 'ही चर्चा प्रतिसादांसाठी बंद करण्यात आली आहे.'

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जागाच काढून टाकली," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, आणि मला तेच नको वाटलं.

साइटवर एक संपर्काचं पान होतं. तिथून व्यवस्थापनाला खासगी निरोप पाठवता यायचा. मी बाबांना ते दाखवलं. त्या वेळी त्यांनी विषय, संदर्भ काही सांगितलं नाही. "लिही," म्हणाले, "मी विरारला राहतो. मला दुसरीकडे कुठे जायला जागा नाही. गप्पा का बंद होतायत तेवढं खरं कळवा." पूर्णविराम म्हणायचं ते विसरले.

उत्तर त्याच संध्याकाळी आलं, आणि ते व्यवस्थापनाच्या भाषेत नव्हतं. 'काका, मी एकटीच आहे. व्यवस्थापन म्हणजे मीच. तुम्ही विरारला असता हे मला माहीत नव्हतं. मी तुळिंजला राहते. वेळ असला तर घरी या, समजावून सांगते. मला लिहून जमत नाही.' खाली पत्ता होता.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "एकटी म्हणजे? मुलगी आहे?"

"तसंच दिसतंय."

"तुळिंज म्हणजे इथेच, नालासोपाऱ्याला?"

आम्ही रिक्षा करून गेलो. तुळिंजच्या बाजारात रिक्षा पुढे जाईना, म्हणून भाजीच्या गाड्यांमधून चालत गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. इमारतीखाली पिठाची गिरणी होती. जिना चढून वर गेलो तर वीज नव्हती आणि दार उघडंच होतं. माझ्याच वयाची एक मुलगी, गाऊनवर ओढणी घेतलेली, पुढे आली. आम्हाला बघून ती चांगलीच गडबडली. आपण लिहिलं आणि माणसं खरोखर आली, असं तिला झालं असावं.

तिची आई आतून म्हणाली, "पानी देऊ का च्या ठेवू?" मुलगी म्हणाली, "दोन्ही दे."

तिनं सांगितलं ते असं. साइट तिनं आणि तिच्या भावानं कॉलेजात असताना हौसेनं काढली. पुढे भाऊ अमेरिकेला गेला. साइट ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते तिथली जागा तो भाड्यानं घेऊन देतो, बाकी सगळं ही एकटी बघते. दिवसभर जवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, येता-जाता मधल्या वेळात साइट. गप्पांचं पान इतकं फुगलं होतं की जागा पुरेना. कंपनीनं कळवलं होतं की भार कमी करा, नाहीतर आम्ही सगळी साइटच बंद करू. मोठी जागा घ्यायला भाऊ आता तयार नव्हता. त्याचं लग्न झालं होतं, घर घेतलं होतं.

"मग काय काढू, सांगा काका," ती म्हणाली. "पाककृती काढू की कविता?"

"हे असं का नाही लिहिलंत?" बाबांनी विचारलं. "तांत्रिक कारणास्तव म्हणजे कुणाला काय कळणार?"

"एकदा लिहिलं होतं. मागे फोटो बंद केले तेव्हा. जागा संपली म्हणून सरळ सांगितलं. तर प्रत्येकानं मला उपाय सांगितले. हे करा, ते करा, तुम्हाला येत नसेल तर सोडून द्या. कारण दिलं ना काका, की लोक त्या कारणाशी भांडतात. नाही दिलं तर नुसते चिडतात. मला ते परवडतं."

"आणि ही भाषा? सदर विभागातील वगैरे?"

ती थोडी ओशाळली. "पाणी येणार नाही म्हणून नोटीस लावतात ना, ती बघून लिहिते. तसं लिहिलं की वाटतं मागे कुणीतरी मोठं ऑफिस आहे. लोक जरा दबकतात."

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी आयुष्यभर तेच टाइप केलं," ते म्हणाले. "साहेब सांगायचे, मी टाइप करायचो, शिपाई नेऊन फलकावर लावायचा. येताजाता लोक वाचायचे. कुणाला काय वाटलं ते मला कधी कळलं नाही. तुझ्या साइटवर कळतं. म्हणून तर मी येतो."

ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं सहज म्हणावं तसं म्हटलं, "मग तुम्हीच लिहून द्या ना. नवीन घोषणा. तुम्हाला दोन्हीकडचं कळतंय."

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. भांडायला आलेला माणूस. पण त्यांनी खिशाला हात लावून पेन आहे का ते पाहिलं.

घरी आल्यावर त्यांना ना धड बसता आलं ना झोपता. कागदावर लिहायचे, खोडायचे. पहिल्या मसुद्यात इतकं वाईट वाटून घेतलं होतं की मी म्हटलं, "बाबा, ही श्रद्धांजली वाटतेय." ते रागावले, पण कागद घेऊन गेले. दुसऱ्यात इतकी कारणं होती की वाचताना माझंच लक्ष उडालं. शेवटी जे झालं त्यात जागेची अडचण होती, भाड्याची होती, आणि प्रत्येकानं आपल्याला हवं ते लेखन महिनाअखेरपर्यंत उतरवून ठेवावं अशी विनंती होती. साइट चालवणारी एकटी आहे, हे मात्र त्यात नव्हतं. तिनंच फोनवर नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "एकटी मुलगी आहे कळलं की वेगळंच सुरू होतं, ताई." मला ते पटलं. बाबांना पटायला थोडा वेळ लागला.

'व्यवस्थापनाकडून' या चौकोनात ती घोषणा लागली आणि खालची जागा पुन्हा उघडली. बाबा माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांना वाटत होतं की आता लोक समजून घेतील. इतकं नीट सांगितल्यावर का नाही घेणार?

'आधी दोन ओळी, आता निबंध,' पहिला प्रतिसाद आला.

'विनंती कसली करता, ठरवलंय तर ठरवलंय म्हणा.'

'सदर, सदर, सदर. कोणत्या बाबूनं लिहिलंय हे?'

"तिसरा सदर मी काढायला सांगितला होता," बाबा म्हणाले.

"नाही सांगितला बाबा."

मग उपाय आले. एकानं दुसरी कंपनी सुचवली. दुसऱ्यानं ती कंपनी कशी चोर आहे ते लिहिलं. डोंबिवलीच्या गृहस्थांनी घोषणेतलं एकेक वाक्य उचलून त्याखाली टोमणा लिहिला होता, आणि खरं सांगायचं तर ते टोमणे चांगले होते. बाबांचा चेहरा ताणलेला होता. सगळ्यात शेवटी नागपूरच्या बाईंनी लिहिलं, 'निवृत्त आजोबा कुठे आहेत? ते असते तर त्यांनी याची सालं काढली असती. आजोबा, तुम्ही तरी बोला.'

बाबा उठले, गॅलरीत गेले, परत आले. "उत्तर देतो."

"काय नावानं?" मी विचारलं. "निवृत्त म्हणून लिहिलं तर बाजू बदलली म्हणतील. व्यवस्थापन म्हणून तर तुम्हाला लिहिता येणार नाही."

ते पुन्हा गॅलरीत गेले. पुढचे दिवस असेच गेले. त्यांना रोज सगळं वाचून दाखवायला लागायचं, आणि लिहायला काही सांगायचे नाहीत. जेवण कमी झालं. एकदा मी म्हटलं की आज नको वाचू या, तर म्हणाले, "नको कसं? माझ्या लिहिण्याला आलंय ते."

डोंबिवलीकरांनी मग सगळ्यांना भेटायचं काढलं. विभाग बंद होण्याआधी एकदा तोंडं तरी बघू, म्हणून येत्या रविवारी कळंबच्या समुद्रावर जमायचं ठरलं. मला वाटलं बाबा टाळतील. त्यांनी तुळिंजला फोन लावायला सांगितला. "तूही ये," ते त्या मुलीला म्हणाले. "कुणाला काही सांगू नकोस. नुसती बघून जा कोण लोक आहेत ते."

कळंबला सुरूच्या झाडांखाली चटया टाकून आम्ही नऊ-दहा जण बसलो. डोंबिवलीचे गृहस्थ लिखाणावरून वाटायचे त्यापेक्षा खूप बुटके होते आणि सगळ्यांसाठी घरून ढोकळा घेऊन आले होते. ठाण्याच्या बाईंनी बाबांना वाकून नमस्कार केला. "तुम्हीच ते निवृत्त. आमची तर तुमच्यावरच भिस्त होती," त्या म्हणाल्या. तुळिंजची मुलगी माझ्याशेजारी बसली होती. कुणी विचारलं तर सांगत होती, "मी नुसती वाचते, लिहीत नाही." भुईमुगाच्या शेंगा सोलून ती दाणे न खाता पदराशी, म्हणजे ओढणीत, गोळा करत होती.

खाणं झाल्यावर डोंबिवलीकरांनी खिशातून कागद काढला. घोषणा छापून आणली होती. उभं राहून त्यांनी ती सरकारी आवाज काढून वाचायला सुरुवात केली. सगळे हसत होते. ठाण्याच्या बाईंचे यजमान म्हणाले, "एसीत बसून लिहितात हे लोक." मुलीचे हात थांबले. बाबा वाळूत बोट फिरवत होते. मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, पण तोवर ते बोलून गेले होते.

"त्यात चूक काय आहे?"

"काय आहे म्हणजे? तुम्ही विचारता?" डोंबिवलीकर हसत म्हणाले.

"ते मी लिहिलंय."

हसणं एकदम नाही थांबलं. दोघं-तिघं थट्टाच समजले. बाबांनी पुढचं वाक्य न बघता म्हणून दाखवलं, त्याच्या पुढचंही, तेव्हा डोंबिवलीकरांनी कागद खाली घेतला.

"म्हणजे तुम्ही व्यवस्थापन?"

"नाही. मी लिहून दिलं फक्त."

"व्यवस्थापन मी आहे," मुलगी म्हणाली. तिनं ओढणीतले दाणे मुठीत धरले होते. "एसी नाहीये. पंखाही असतो तेव्हा असतो."

घोडागाडीवाला आमच्यासमोरून दोनदा गेला. मग डोंबिवलीकर चटईवर बसले. "एकटी?" त्यांनी विचारलं.

"एकटी."

"मागे साइट तीन-चार दिवस बंद होती, तेव्हा मी फार वाईट लिहिलं होतं."

"वाचलं होतं. आई दवाखान्यात होती तेव्हा."

त्यांनी ढोकळ्याचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिनं एक तुकडा घेतला. एवढ्यावर सगळं निवळेल असं मला वाटलं होतं, आणि थोडंफार निवळलंही. लोक तिला प्रश्न विचारायला लागले, मग उपाय सांगायला लागले, आणि थोड्या वेळानं दोन उपायवाल्यांचं आपसात जुंपलं. ती बाबांकडे बघून हसली. पण बाबांचं लक्ष ठाण्याच्या बाईंकडे होतं. त्या उठून चपला शोधत होत्या.

"निघालात?" बाबांनी विचारलं.

"आम्ही तिथे तुमच्यासाठी भांडत होतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही गप्प होता, म्हणून आम्हाला वाटलं तुमची तब्येत बरी नाही. मी साईबाबांना नारळ बोलले होते. आणि तुम्ही तिकडे जाऊन चहा पिऊन आलात. एक ओळ लिहायची होती आम्हाला."

बाबांनी तोंड उघडलं. सांगता आलं असतं असं बरंच होतं. मुलीनं नको म्हटलं होतं, हे तर होतंच. पण ते त्यांनी तिच्यावर ढकललं नाही. "हो," ते म्हणाले. "लिहायला हवी होती."

त्या नवऱ्याला घेऊन निघून गेल्या. परतीच्या रिक्षात निर्मळचं तळं मागे पडलं. मग बाबा म्हणाले, "ठाण्याच्या बाईंचं बरोबर आहे. मुद्द्यात बरोबर आहे." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते.

विभाग ठरल्याप्रमाणे महिनाअखेरीस बंद झाला. शेवटच्या दिवशी लोकांनी भरभरून लिहिलं. बाबांनी मला नागपूरच्या बाईंसाठी आमचा फोन नंबर खासगी निरोपानं पाठवायला सांगितलं. आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. मी बाबांच्या हातात रिसीव्हर दिला. "बोला भगिनी," ते म्हणाले, आणि पुढे दोघांनाही काही सुचेना. हवापाणी झालं, नागपूरचा उन्हाळा झाला. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आवाज वेगळाच आहे." पुन्हा फोन झाला नाही. ठाण्याच्या बाई साइटवर परत कधी दिसल्या नाहीत. बाबांनी त्यांना एक पत्र पाठवलं होतं, साइटवरूनच. त्यांनी ते उघडलं की नाही ते मला कळलं नाही.

माझं असं झालं की तुळिंजच्या मुलीनं क्लासमध्ये माझ्यासाठी शब्द टाकला. सकाळच्या दोन बॅच मला मिळाल्या. नोकरी म्हणण्याइतकं ते नव्हतं, पण साडीला पिन लावून घराबाहेर पडायला कारण मिळालं. साइट ती पुढे आणखी काही वर्षं रेटत राहिली. काही जाहीर करायचं असलं की क्लास सुटल्यावर कच्चा मजकूर मला वाचून दाखवायची आणि म्हणायची, "काकांना विचारून उद्या सांगा." बाबा एखादा शब्द बदलायचे. बऱ्याचदा सगळंच बदलायचे आणि ती त्यातलं निम्मं घ्यायची.

मी क्लासवरून घरी यायचे तेव्हा दार उघडायला तेच असायचे. मी अजून चपला काढत असायचे, पिशवी हातात असायची, आणि ते विचारायचे, "लागली का घोषणा? लोक काय म्हणतायत?"

"दोघांनी छान म्हटलंय," मी सांगायचे.

"बाकीचे?"

मग बाकीचे सांगावे लागायचे. एकेकाचं नाव घेऊन, त्यानं कसं लिहिलंय ते जसंच्या तसं. ते उभ्यानं ऐकायचे. जेवायला बसल्यावर त्यातल्या एखाद्याचं उत्तर त्यांच्या मनात तयार होत असायचं, ते मला ओठांवरून कळायचं. पण ते मला लिहायला सांगत नसत. जेवण झालं की ते गॅलरीत जायचे आणि कठड्याला धरून बराच वेळ उभे राहायचे.